लागतील तेवढ्याच परवानग्या

"जादा परवानग्या काढायला काय अक्कल लागते? दुपारपर्यंत उडवून टाकतो," असं नेटवर्कवाल्या भाऊंनी साहेबांना सांगितलं आणि त्याच दमात आठ दिवसांची रजा मागितली. घरी बायकोने बॅगा भरून ठेवल्या होत्या. आज तपासणीत पास झालात तर रजा, असं साहेब म्हणाले.

आता काम काय, तर ऑफिसच्या नेटवर्कच्या दारात एक सर्व्हर बसलेला. कुणी आत येऊ लागलं की तो कर्मचाऱ्यांच्या यादीत नाव बघतो आणि मगच सोडतो. यादी उघडायला त्याला एक खातं दिलेलं. ते देताना भाऊंनी कंटाळा केला आणि सरसकट सगळ्या परवानग्या देऊन टाकल्या. नावं वाचायच्याच नव्हे, पुसायच्यासुद्धा. लागतील तेवढ्याच ठेवा, असं तपासनीस बाईंनी बजावलं होतं.

भाऊंनी एकेक काढायला घेतली. काढली की स्वतःचा लॅपटॉप बघायचा. चालतोय? चालतोय. मग ही कशाला हवी होती? पुढची काढा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत खात्याला यादी वाचायचीही मुभा उरली नाही, तरी लॅपटॉप आपला मजेत. इतकी वर्षं आपण उगाच उधळपट्टी केली, असं भाऊंना मनापासून वाटलं. सर्व्हर फक्त आत येणाऱ्याची चौकशी करतो, आत बसलेल्याला पुन्हा विचारत नाही, हे ते साफ विसरले होते.

जेवून आलेल्या एकशेचाळीस माणसांनी लॅपटॉप उघडले, आणि नेटवर्कने एकालाही ओळख दाखवली नाही. अख्ख्या ऑफिसात आत होते ते एकटे भाऊ. दोन मिनिटांत सगळं निस्तरलं असतं. पण साहेबांनी हाक मारली, आणि भाऊंनी सवयीने लॅपटॉप मिटून काखेत मारला. मिटला की लॅपटॉप नेटवर्कमधून सुटतो, हे त्यांना मग आठवलं. आता तेही बाहेर.

उरली सर्व्हरची खोली, तिथे बसून थेट दुरुस्ती करायची. तिचं दार कार्डावर उघडतं, आणि कार्ड खरं की खोटं हे दार त्याच सर्व्हरला विचारतं. शेवटी सुतार बोलावला. तो बिजागऱ्या काढेपर्यंत भाऊ, साहेब आणि तपासनीस बाई ओळीने उभे होते.

आत गेल्या गेल्या बाईंनी पडद्यावर ते खातं निरखलं. "जादा परवानगी एकही नाही. पास."

"आणि लागणारी?" साहेबांनी विचारलं.

"तो रकाना माझ्या कागदावर नाही."

भाऊंनी वाचायची तेवढी परवानगी परत दिली आणि ऑफिस सुरू झालं. साहेबांनीही शब्द पाळला. रजेच्या अर्जावरचे आठ दिवस खोडून त्यांनी स्वतःच्या हाताने पंधरा केले.

"बघा, किती जीव आहे त्यांचा तुमच्यावर," बायको म्हणाली. भाऊ आणखी सात दिवसांचे कपडे भरत राहिले.