काझी सरांचा धाकटा

आमच्या म्हशीनं शेण टाकलं, की माझ्याआधी काझी सर गोठ्यात हजर! हातात चिमटा, बगलेत बरणी. "थांबा ताई, आधी मला बघू द्या."

नांदेडच्या कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेला माणूस, आता रिटायर होऊन माझ्या शेणात डोकं घालून बसतो. काय म्हणावं! शोधतात काय, तर आखूड पंखांचे भुंगेरे. ते शेणातल्या माशांच्या अळ्या खातात. सरांनी दोन जातींचे दोन पाळले होते. थोरला केसाळ, पाठीवर राखाडी पट्टा, चालीला सुस्त. धाकटा काळा कुळकुळीत, लई चपळ. विंचवासारखी शेपूट उभारायचा, पण नांगी न्हाई. एकत्र ठेवले तर एकमेकांनाच खातील, म्हणून बरण्या वेगळ्या.

दोघांना सारख्याच अळ्या घालायच्या आणि जास्त कोण खातो ते बघायचं. सर त्याला 'मुकाबला' म्हणायचे. एकदा मी गमतीनं म्हणलं, "धाकट्याच्या दोन अळ्या वाढवून धरा की, कोण बघून राहिलंय?" झालं! वजनातबी असंच करत असाल म्हणून सरांनी माझ्या किराणा दुकानातून साखर न्यायचंच बंद केलं.

सरांच्या बायकोला, रजियाभाभींना, या किड्यांची भारी किळस. "या घरात एक तर ते राहतील, न्हाईतर मी," असं सारखं चालायचं. पण यंदा भाभी आजारी पडल्या. लेकीनं दवाखान्यासाठी लातूरला नेलं. अन्नावरची वासनाच उडाली त्यांची, अंगात नुसती हाडं राहिली. सर तिकडं जाऊन राहिले, तर भाभींनीच परत धाडलं, "किड्यांकडं कोण बघणार?" म्हणून. आणि रोज संध्याकाळी फोनवर एकच हट्ट, धाकट्यानं खाल्लं असंल तरच मी खाईन. मग काय, सर धाकट्याची जावयासारखी सरबराई करू लागले.

परवा मी ताक द्यायला गेले, तर धाकटा बरणीत उताणा पडलेला. सर समोर बसलेले.

"गेला, ताई."

तेवढ्यात फोन वाजला. स्पीकरवर भाभींचा बारीक आवाज, त्यांच्या घरच्या दखनीत, "छोटा खाया क्या?"

मी ताकाचा तांब्या खाली ठेवला.

"खाया," सर म्हणाले. "सब चट कर गया. और मांगरा."

भाभी हसल्या. "खाना ला गे बेटी," त्यांनी तिकडं लेकीला हाक मारली. ताट ठेवल्याचा आवाज आला. सर काही फोन ठेवेनात. मला तर रडूच फुटलं.

सरांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, ताई," ते पुटपुटले. "जेवून राहिली ती."