मोटारीची खांदमळणी

मोटारीला खांदा असतो की नसतो, हा प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका सरकारी कचेरीत पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी अकरा वाजता उपस्थित झाला. कचेरीचं नाव सांगत नाही. उगाच कुणाचं मन कशाला दुखवा?

या कचेरीकडे साहेबांच्या फिरतीसाठी पूर्वी दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, होती. पोलीस ॲक्शननंतर एक जागीरदार आपली दोन माणसांची इंग्रजी रेसची मोटार मागे टाकून परागंदा झाले आणि ती मोटार कचेरीच्या पदरात पडली. बैल विकले गेले. मोटारीबरोबर तिचा ड्रायव्हर चंद्रभान हाही सरकारजमा झाला. तो अजून हंगामी होता. दिवाळीपर्यंत त्याच्या हातून कसूर झाली नाही तर कायम, झाली तर घरी, असा लेखी हुकूम होता. घरी बायको कडूबाई, तीन लेकरं आणि आंधळी आई. त्यामुळे चंद्रभान मोटारीला हात लावण्याआधी आपले हात धूत असे.

आता कचेरीत निजामाच्या वेळचा एक हुकूम होता. ‘कचेरीची स्वारी वाहणाऱ्या प्रत्येकाची पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळदीने खांदमळणी करावी व तसा दाखला वर पाठवावा.’ निजाम गेला, पण पुढील आदेशापर्यंत जुने हुकूम चालू राहतील असं नव्या सरकारने कळवलं होतं. पुढील आदेश आलेला नव्हता.

“बैलच न्हाईत, मंग दाखला कशाचा?” चपराशी अंगदने विचारलं.

पेशकार बन्सीधर म्हणजे साहेबांपुढे कागद ठेवणारा आणि त्यातलं अक्षर न् अक्षर जपणारा माणूस. त्याने हुकूम दोनदा वाचला. “ह्यात बैल हा शब्द कुठं हाय? स्वारी वाहणारा म्हटलंय. सध्या स्वारी कोण वाहायलंय?”

“मोटार.”

“मग मोटारीचा खांदा मळा.”

व्यंकटराव साहेबांना हे पटलं. फक्त खांदा कुठे ते सापडेना. म्हणून बैलांचे जाणकार धोंडीबा पाटील यांना बोलावणं गेलं. पाटलांनी मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मागच्या बाजूला थाप मारून पाहिली आणि निवाडा दिला, “जोर जिथून गाडीत जातो, तो खांदा.”

साहेबांनी चंद्रभानला विचारलं, “इंजिनाचा जोर चाकाकडे कुठून जातो?”

चंद्रभान खरं बोलला. त्याची पहिली चूक ती. “क्लचातून, साहेब. क्लचाची चकती इंजिनाला घासून घट्ट धरती, मंग जोर गिअरात जातो. पर तिथं तेलाचा थेंबबी चालत न्हाई. कोरडी ठाक पायजे.”

“बैलाचा खांदाबी घासूनच सोलतो की,” पाटील म्हणाले. “म्हणून तर तूप लावायलोत.”

निवाडा कायम झाला. पायाखालची फळी उचलली, क्लचाच्या घरावरचं झाकण काढलं आणि साहेबांनी स्वतःच्या हाताने पावशेर तूप हळद घालून आत सोडलं. अंगदने कंदील धरला होता, पेशकाराने वाटी. “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या,” असं बैलांना द्यायचं आवतण पाटलांनी मोटारीच्या दिव्यांना दिलं. हंगामी माणसाने पोटातलं ओठावर आणू नये हे चंद्रभानला ठाऊक होतं. संध्याकाळी दाखला वर गेला: ‘स्वारी वाहणारा निरोगी असून खांदा मऊ आहे.’

पोळ्यानंतर साहेब चारठाण्याच्या फिरतीवर निघाले. सपाटीला मोटार कशीबशी चालली. चढ लागला तशी इंजिनाने आभाळ डोक्यावर घेतलं आणि चाकं मात्र विचार करत राहिली. डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक बाई मोटारीला मागे टाकून गेली. जळक्या तुपाचा वास शिवारभर सुटला. खुरपणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. “कुणाकडं बुंदी पाडायलेत, बाई?” त्या एकमेकींना विचारू लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तर गारठलेल्या तुपाने चकती चिकटून बसली. क्लच दाबला तरी सुटेना, गिअर टाकला की खर्र करून दात विचकी.

इंजिन तापून तूप पातळ झालं तशी मोटार रखडत कचेरीत परतली. तिथे चंद्रभानने साहेबांसमोर साधी परीक्षा केली. इंजिन चालू ठेवलं, हातब्रेक घट्ट ओढला, वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडून दिला.

“क्लच धडधाकट असता तर इंजिन जागच्या जागी बंद पडलं असतं, साहेब. बघा, खुशाल चालू हाय. म्हंजी चकती घसरायली. तेवढं तूप पेट्रोलनं धुतो, दुपारपस्तोर मोटार लायनीवर.”

“तूप?” बन्सीधरने विचारलं. “कोणतं तूप?”

“खांदमळणीचं. साहेबांनी लावलेलं.”

बन्सीधरने दाखल्याची नक्कल काढून पुढे ठेवली. मग तो समजावणीच्या सुरात म्हणाला, “चंद्रभान, त्या तुपानं खांदा मऊ झाला, असं आपण वर लिहून बसलो. आता त्याच तुपानं बिघडला म्हणायचं? आणि धुतलं तर खांदमळणी रद्द होणार. पोळा मग बारा महिन्यांनी.”

चौकशी बसली. पाटलांनी गिअरपेटीचं झाकण काढायला लावून दात मोजायला घेतले. बत्तिसाच्या पुढे गेल्यावर त्यांनी हात जोडले आणि मोजणी थांबवली. “बैल चालत न्हाई म्हंजी दोनच गोष्टी,” ते म्हणाले. “एक तर बैल आजारी, न्हाईतर हाकणारा अडाणी. बैल निरोगी असल्याचा सरकारी दाखला हाय.”

सगळ्यांनी चंद्रभानकडे पाहिलं.

त्याने अंगदला ओसरीवर गाठलं. “तू तर कंदील धरून हुतास. सगळं बघितलंस.”

“बघितलं की. पण मला कुणी इचारलं न्हाई.”

“मंग तूच सांग की आपल्या तोंडानं.”

“न इचारता सांगणारा चपराशी तू कुठं बघितलास का?”

पाटील तरी मोठ्या मनाचे. त्यांनी चंद्रभानच्या पाठीवर हात ठेवला. “लेकरा, तुझं खरं हाय, मला कळतंय. पण साहेबांच्या हाताला नाव कसं ठिवावं? तू जवान हायस, कुठंबी पोट भरशील.”

चंद्रभानला रडू आलं नाही, राग आला. पण राग कुणाला दाखवायचा, याचाही क्रम ठरलेला असतो आणि त्यात हंगामी ड्रायव्हरच्या खाली कुणीच नसतं.

पंचनामा झाला. ‘मोटार निर्दोष. ड्रायव्हरचा क्लचवरचा डावा पाय सदोष.’ खाली साहेबांनी, पेशकाराने, पाटलांनी आणि अंगदने सह्या केल्या. पाचवा पंच मात्र बाहेरचा हवा होता. कचेरीशी संबंध नसलेला, चंद्रभानचा सोयरा नसलेला, घडलेला सगळा प्रकार पहिल्यापासून पाहिलेला, शिवाय शिकलेला. असा माणूस गावात मिळेना. पाचवी सही नसेल तर पंचनामा रद्द, मोटार धुवायला परवानगी आणि चंद्रभान दिवाळीला कायम. असं नियमातच होतं.

पेशकाराने कागदावरून मान वर केली आणि त्याची नजर तुमच्यावर पडली.

तुम्ही पहिल्या ओळीपासून इथेच आहात. खांदा शोधला तेव्हा होतात, तूप सोडलं तेव्हा होतात, बायांना बुंदीचा वास आला तेव्हा तर हसलातसुद्धा. चंद्रभान दाराशी उभा आहे. त्याने तुम्हाला काही मागितलेलं नाही. साहेबांनी तुमच्यासाठी खुर्ची सरकवायला सांगितली, चहा मागवला, गावाकडची विचारपूस केली. माणूस तसा वाईट नाही, असं तुम्हाला वाटायलाही लागलं आहे. बन्सीधरने टाक दौतीत बुडवून पुढे केला आहे, आणि तुम्ही, कागद नीट वाचता यावा म्हणून, खिशात चष्मा चाचपडताय.

राहू द्या चष्मा. बाकीच्या चौघांनीही कागद वाचलेला नाही.