नदीवाले आबांचे सुतक, अर्थात शेळगावची फत्ते

खर्रर्र.

ऐसा टीव्हीच्या लाकडी कवाडांचा आवाज जाहला, आणि मौजे शेळगाव, तालुके इंदापूर, येथील दुपारची सामसूम भंग पावली. शके एकोणीसशे सोळा, भावनाम संवत्सरे, माघमासी, आदितवारी, दीड वाजता सौभाग्यवती सारजाबाई मोहिमेस सिद्ध जाहल्या, ती हकीकत घडली तैसी लिहिली असे, श्रोती सावध चित्ते परिसावी.

मोहिमेचे कारण ऐसे जे, लग्नास सहा वर्षे लोटली परंतु एकाही पिक्चरचा शेवट बाईंच्या दृष्टीस पडला नाही. कधी दूध उतू गेले, कधी म्हैस सुटली, कधी पाहुणे आले. तेणेकरून कोणी नायक कोर्टात उभा तो उभाच, कोणी नवरी बोहल्यावर हार घेऊन आजतागायत ताटकळलेली, आणि त्या सर्वांचा भार बाईंचे काळजावर. सबब आज एक तरी शेवट सर करावाच, ऐसा पण करून पहाटेसच शेण, धुणी, भांडी यांचा बंदोबस्त केला, आणि मग कन्या छकुली, उमर वर्षे पाच, इजला मांडीवर घेऊन, तिचे केसांत तेल जिरवीत, देवाच्या फळीखालील टीव्हीसमोर मोर्चा धरिला.

पिक्चर बक्षीसपात्र. दिल्लीदरबारी त्यास सुवर्णपदक जाहले होते. मुलूखोमुलखीच्या नद्या मोजण्यात हयात घालविली ऐसे एक थोर गृहस्थ, त्यांचे चरित्र. आरंभीच पाटी आली की, ही सत्यकथा असे. ती बाईंनी सासूबाई छबूबाई यांस वाचून दाखविली, आणि तेथेच पुढील संग्रामाचे बीज पडले.

सासरे रावजी खासे लोडास टेकलेले. अर्धा तास लोटता त्यांनी जाहीर केले की, "गाणं न्हाय, हाणामारी न्हाय. बक्षीस कशाचं, झोपंचं?" मग थोर गृहस्थ बहुत वेळ पाण्याकडे पाहत उभे राहिले, तेव्हा रावजी वदले, "मोजली ती मोजली, पर पाटाला पानी आलं का?" त्यावर छबूबाईंनी पदर सारखा करून ताकीद दिली की, "वडीलधारं मानूस हाय. आदबीनं बोला." मग थोर गृहस्थ जेवावयास बसले, आणि बांगड्यांचा एक हात दारातून ताट सारून आत गेला, आणि छकुलीने तेलकट मान उंच करून पाहिले.

ऐसा पाऊण मुलूख सर होतो न होतो, तोच पिंपळीहून छबूबाईंचे बंधू बापूसाहेब यांची स्वारी लुनेवरून दाखल जाहली. स्वारी उपाशी. रावजींचे फर्मान सुटले, "सारजा, चूल पेटीव. चार भाकरी टाक."

बाईंनी लेक मांडीवरून खाली ठेविली आणि मुदपाकखान्याकडे निघाल्या. डोळ्यांत पाणी उभे राहिले. ते धुराचे म्हणावे, तर चूल अजून पेटलीच नव्हती.

तो इकडे थोर गृहस्थांनी प्राण सोडिला.

"थांब गं!" ऐसी छबूबाईंची आरोळी उठली. "काड्याची पेटी ठिव खाली. देवाच्या फळीखाली मयत झालंय. आज ह्या घरात चूल पेटायची न्हाय."

बापूसाहेब म्हणाले, "आगं आक्का, पिच्चरातलं मयत ते!"

"खोट्या पिच्चरात रोज मरत्यात, त्येंचं सुतक धरलंय का म्या? ह्यो खरा मानूस व्हता, पाटीच आली व्हती. खरा व्हता म्हंजी खराच मेला का न्हाय?"

रावजींनी निदान टीव्हीची कवाडे लावावी म्हणून हात पुढे केला, तो दुसरा हुकूम जाहला, "मयताला एकटं टाकून कोन उठत न्हाय. माती हुईस्तवर बसा समदी."

मग समस्त दरबार बसला. सारजाबाईंसही बसणे भाग पडले, आणि त्यांनी दुखवट्याचा चेहरा मोठ्या शर्थीने राखिला. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणावी हा मुलखाचा रिवाज, म्हणून छबूबाईंनी कुसवावरून गेणबाच्या घरी वर्दी दिली, आणि गेणबाची कारभारीण डोईवर पिठलं-भाकरीची पाटी घेऊन, पदर आधीच डोळ्यांस लावून आली.

"आत्या, कोन गेलं वो?"

"नदीवाले आबा."

"आगं बया! कवा?"

"आत्ताच की. बसल्या जागी. लई गुनाचा मानूस."

मग तीही रडू लागली, आणि बापूसाहेबांनी त्याच दुःखात चार भाकरी खाल्ल्या.

पडद्यावर चिता विझली, नदी वाहत राहिली, आणि नावे वर चढू लागली. नट, नटी, दिवे धरणारे, मोटार हाकणारे, चहा पाजणारे, एकही न सोडता बाईंनी ओठ हलवीत सारी वाचली, आणि मग 'समाप्त' ही अक्षरे उमटली. येणेप्रमाणे सहा वर्षांचे मोहिमेअंती पहिला शेवट सारजाबाईंचे दस्ती रुजू जाहला, फत्ते जाहली, आणि शिक्का म्हणोन बाईंनी लेकीच्या कपाळाचा मुका घेतला.

छकुली अजून पडद्याकडेच पाहत होती. मग हळूच म्हणाली, "आई, ताट सारनारी ती बांगड्यांची बाई... तिचं नाव कुठं आलं गं?"