प्रोसेसरला चंदन

"कूलर निवडायला मद्रासच्या माणसाची अक्कल कशाला? कुंभकोणमात जन्म झालाय माझा!" राजगोपालानं जाहीर केलं, आणि अंबुजानं कपाळाला हात लावला. नवऱ्यानं जन्मगाव काढलं की घरातलं काहीतरी मोडतं, हा तिचा बारा वर्षांचा अनुभव होता.

प्रसंग मात्र बाका होता. तिरुभुवनमच्या रेशीम सोसायटीचे सेक्रेटरी संध्याकाळी राजगोपालाच्या मेलकावेरीतल्या घरी येणार होते, त्यानं काढलेली साडीच्या काठाची नक्षी कंप्युटरवर बघायला. पसंत पडली तर सोसायटीच्या सगळ्या नक्ष्या राजगोपालाकडे. नाही पडली तर मेहुण्याच्या भांड्यांच्या दुकानात पुन्हा घागरी पुसत बसायचं! आणि कंप्युटर तर दहा मिनिटांत तापून बंद पडे. आतल्या प्रोसेसरवरचा पंखा, म्हणजे कूलरच, मेला होता.

कंप्युटरच्या दुकानदारानं तीन कूलर पुढे ठेवले. राजगोपालानं तिन्ही हातात तोलले, नखानं टिचकी मारून कानाशी धरले. पितळेची घागर अशीच तर घेतात! सगळ्यांत स्वस्त तोच सगळ्यांत जड निघाला, वाजलाही खणखणीत. दुकानदारानं तोच बांधून दिला.

"सार, महागाच्या डब्यात पेस्ट येते, याच्यात नाही. प्रोसेसर आणि कूलरच्या मधे पांढरी पेस्ट लावावीच लागते. सुटी पेस्ट आज संपलीय, पूजा झाल्यावर या."

पूजा झाल्यावर? सेक्रेटरी तर पाचला येणार! घरी येऊन बघतो तो अंबुजानं उद्याच्या आयुधपूजेसाठी, म्हणजे घरातल्या यंत्रं-अवजारांच्या पूजेसाठी, वाटीभर चंदन उगाळून ठेवलेलं. पांढुरकं, दाट, गारेगार! राजगोपालाचे डोळे लकाकले.

"ओ, ते देवाचं आहे!"

"उद्या कंप्युटरला गंध लावायचंच आहे की नाही? मी आज आतून लावतो. चंदनाहून थंड काय आहे जगात?"

"मग डोक्यास लावा थोडकं. तेथें गरज अधिक!" अंबुजा घरच्या तंजावरी मराठीत म्हणाली.

त्यानं लावलंच. आणि काय सांगावं, मशीन चाललं! दहा मिनिटं झाली, वीस झाली! सेक्रेटरी आले तोवर पंख्यानं घरभर असा सुवास पसरवला होता की त्यांनी दारातच हात जोडले. पडद्यावर काठावरचे मोर उमटले.

"सुंदर!" सेक्रेटरी म्हणाले. राजगोपाल फुगला.

तेवढ्यात सुवास जरा करपट झाला. मग कंप्युटरच्या डब्यामागून धुराची एक रेघ निघाली, आणि मोर गेले ते गेलेच! राजगोपालाची पाचावर धारण बसली. झाकण काढलं तर आत चंदनाची खरपूस पापडी. सेक्रेटरींच्या नजरेपुढे खोटं सुचेना, तेव्हा बिचाऱ्यानं सगळं कबूल केलं.

सेक्रेटरींनी वाटीतलं उरलेलं चंदन चिमटीत घेतलं, चोळलं, हुंगलं.

"किती बारीक! उद्या आमच्या ऐंशी मागांना गंध लावायचंय, बाजारात नुसती भुकटी मिळते. कुणी उगाळलं हे?"

"यांनीच!" अंबुजा क्षणाचाही विलंब न लावता तमिळमध्ये म्हणाली.

"मग ऐंशी मागांचं चंदन उगाळायचं तुमच्याकडेच. सकाळी सातला माणूस पाठवतो."

राजगोपाल त्यांच्यामागोमाग दारापर्यंत गेला. "आणि... नक्षीचं काम, सार?"

"नक्षी काय हो," सेक्रेटरी चपला घालत म्हणाले, "ती कुणीही काढील!"