क्लिफर्डच्या बाहीतली माशी

हर्बर्ट अल्डरसनला पुरायच्या दिवशी सकाळी क्लिफर्ड डिन्सडेल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मासे फसवायची खोटी माशी बांधत होता. गळावर नारिंगी रेशमाचं अंग, गळ्याशी तितराच्या तपकिरी पिसाचे वेढे. पाण्यात गेली की ट्राउट माशाला ती बुडता किडा वाटते. तीस वर्षं हे दोघे शेजारी शेजारी उभे राहून एकाच नदीत याच माशीनं मासे धरत आले होते, आणि हर्बर्टनं वर जाताना ही एक बरोबर न्यावी, असं क्लिफर्डच्या मनात होतं. पण तीनदा धागा तुटला. चौथ्यांदा माशी जमली तेव्हा चर्चची घंटा वाजत होती. शवपेटी कालच बंद झाली होती. आता फुलांआड हळूच खोचावी म्हणून त्यानं ती काळ्या कोटाच्या बाहीला टोचली आणि तो निघाला.

चर्चच्या पायऱ्यांवर हर्बर्टची थोरली बहीण विनिफ्रेड उभी होती. वय ब्याऐंशी, उंची क्लिफर्डपेक्षा वीतभर जास्त. निम्म्या गावाला तिनं पाढे शिकवले होते आणि उरलेल्या निम्म्याला ते येत नाहीत, हे ती धरून चालत असे. मासेमारी म्हणजे चिखलात उभं राहून आयुष्य घालवणं, हे तिचं मत सर्वांना ठाऊक होतं. मार्चचा पाऊस, पायऱ्या शेवाळलेल्या. तिचा पाय जरा सरकला, क्लिफर्डनं हात पुढे केला, तिनं तो नाइलाजानं धरला. पायऱ्या संपल्यावर तिनं सोडला. हात मात्र सुटला नाही.

"मिस्टर डिन्सडेल, सोडा आता."

"मी सोडलंय, मिस अल्डरसन. ती सोडत नाही."

"कोण ती?"

"माशी," क्लिफर्ड म्हणाला.

गळाचं टोक बाहीतून बाहेर येऊन तिच्या काळ्या लोकरी शालीत शिरलं होतं, आणि त्याचा उलटा काटा आत पक्का रुतला होता. क्लिफर्डनं शाल थोडी कातरायची परवानगी मागितली. ती आईची शाल आहे, असं उत्तर मिळालं. मग कोट काढतो म्हणाला. तिच्या भावाच्या अंत्यविधीला कुणी नुसत्या शर्टावर बसणार नाही, असं उत्तर मिळालं. शालच उतरवली तर, असं त्यानं सुचवलं, तेव्हा तिनं उत्तरच दिलं नाही. पाठीमागं पोशाखाच्या चार गुंड्या लागत नव्हत्या आणि तिथं सेफ्टी पिना होत्या, हे सांगायला ती बांधील नव्हती. पक्कड आणून गळ मोडता आला असता. पण तो हर्बर्टचा आहे, असं क्लिफर्डनं सांगितलं, आणि या एका बाबतीत तो हलला नाही.

तोवर ऑर्गन सुरू झाला. दोघं तशीच आत गेली, अगदी हळू, कारण जोरात चाललं की शाल ओढली जायची. नवरानवरी जातात तशी, हे लोकांच्या आपोआप लक्षात आलं. कुटुंबाच्या पहिल्या बाकावर लीड्सहून आलेला पुतण्या बसला होता. तो गोंधळून मागच्या रांगेत गेला. प्रार्थनेला उठताना विनिफ्रेड ताडकन उभी राहायची आणि क्लिफर्डचा हात आपोआप वर जायचा. पाद्रीबुवांना दोनदा वाटलं, त्याला काही विचारायचंय. मागं कुणीतरी कुजबुजलं, क्लिफर्डनं लग्नासाठी गळ घातली म्हणे. घातली होतीच, पण वेगळी.

विनिफ्रेड भावाबद्दल बोलायला उठली तेव्हा क्लिफर्डलाही जावं लागलं. ती चार वाक्यं बोलली. हर्बर्ट वक्तशीर होता. दूध उतू जाऊ देत नसे. मग पाद्रीबुवा आदरानं म्हणाले, "आता त्याचे मित्र दोन शब्द सांगतील."

क्लिफर्डनं काहीच तयार केलं नव्हतं. त्यानं बाहीकडे पाहिलं.

"हर्बर्टसारखी माशी कुणी बांधत नव्हतं," तो म्हणाला. "शेवटची नऊ वर्षं मासेमारी क्लबात माशी बांधण्याचं पहिलं बक्षीस त्याचं, दुसरं माझं. त्याचा हात इतका हलका, की पिसालाही कळू नये. मला कधी जमलं नाही. जमणार पण नाही." मोकळ्या बाहीनं त्यानं डोळे पुसले. विनिफ्रेडनं मोकळ्या हातानं पर्समधून रुमाल काढून त्याला दिला. ती एकाएकी खूप लाल झाली होती.

दफनभूमीत पेटी खाली गेली. माती टाकायची वेळ आली तेव्हा विनिफ्रेडनं पर्समधली शिवणाची कात्री काढली, डोळ्यांजवळ नेऊन गळ नीट पाहिला आणि आईच्या शालीचे तीन टाके सरळ कातरले. क्लिफर्डनं माशी बाहीतून काढली आणि काळ्या लोकरीच्या शेपटासकट खाली सोडली. दोघं थोडा वेळ तशीच जवळ जवळ उभी राहिली. सवय झाली होती.

"पिसाचे वेढे फार झाले होते तुमचे," ती हळू आवाजात म्हणाली. "मला चार दिसले. दीड पुरतो. जास्त झाले की पाण्यात पीस हलत नाही, झाडूसारखं ताठ राहतं."

क्लिफर्डनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"त्याची बोटं दहा वर्षांपूर्वीच वाकली होती, मिस्टर डिन्सडेल. कपाची कडी धरता येत नव्हती त्याला. माश्या कुणी बांधल्या असतील असं वाटलं तुम्हाला?"

मृताबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. क्लिफर्डनं नंतर चहाच्या वेळी हॅमची चार सँडविचं खाल्ली. जाताना मात्र तिला विचारलं, पीस ती कुठल्या बाजूनं धरते. टोकाकडून, ती म्हणाली, आणि मंगळवारी या, दाखवते.

क्लबनं बक्षिसाच्या चषकाला हर्बर्टचं नाव दिलं. क्लिफर्ड वर्षभर दर मंगळवारी शिकायला जात राहिला, आणि त्याच्या हातात खरोखर फरक पडला, हे परीक्षकांनीही जाहीरपणे मान्य केलं. त्या वर्षी नव्या नावाखाली पहिली स्पर्धा झाली. विनिफ्रेडनं या वेळी स्वतःच्या नावानं अर्ज भरला होता.

क्लिफर्ड दुसरा आला.