सभेपुढे ठेवले

ग्रामपंचायतीच्या टेबलावरच्या त्या कागदावर तीन गोल डाग होते. तिन्ही एकाच मापाचे, म्हणजे तांब्या एकच. पण वेगवेगळ्या जागी, म्हणजे सभा तीन. घडी मात्र एकदाही उलगडलेली नव्हती.

चौसाळ्याजवळच्या या गावात ग्रामसभेने जनावरांच्या हौदाचे नियम करायचा अधिकार समितीला दिला होता. अट एकच: केलेले नियम ग्रामसभेपुढे ठेवावेत. समितीचे अध्यक्ष बबनराव यांनी एकोणीस नियम केले आणि लगेच लागूही केले. पाचवा: प्रत्येक जनावराच्या गळ्यात पुठ्ठ्याचा पास हवा. सहावा: पास गेल्यास नवा आठ दिवसांनी. सातवा: तोवर पाणी बंद.

तुळजाबाईच्या बेचाळीस शेळ्यांनी पहिल्याच दिवशी एकमेकींचे पास खाल्ले. नवे मिळाले, तेही खाल्ले. तुळजाबाई ऐन उन्हात कळप तीन किलोमीटरवरच्या तळ्यावर नेऊ लागली. गाभण शेळ्या वाटेतच बसायच्या. तिने तीन सभांत तक्रार केली. बबनराव हे सरपंच अंजूताईंचे चुलतसासरे, त्यामुळे ताई दर वेळी पदर सावरून म्हणायच्या, "बघू पुढच्या सभेत."

चौथ्या सभेत तुळजाबाईने थेट विचारले, "बबनराव, नियम सभेपुढं कवा आणले?"

"तीनदा ठेवले की. ह्याच टेबलावर. उडू नई म्हणून वर तांब्याबी ठेवला."

"मग वाचले कावून न्हाई?"

"ठरावात 'ठेवावेत' लिवलंय. 'वाचावेत' कुटं हाय?"

"असं व्हय. मग माजं गाऱ्हाणंबी ठेवते," म्हणत तिने दार उघडले.

बेचाळीस शेळ्या रांगेत नव्हे, पण एकमताने आत आल्या. बबनराव खुर्चीवर चढले.

"तुळजे, बाहीर काढ ही शेरडं."

"कावून? नुसती ठेवल्यात. तुमी बघूच नका."

सभा हसली. मागून म्हातारा म्हाळू म्हणाला, "ताई, त्यो कागुद वाचा तर एकडाव."

अंजूताईंनी घडी उलगडली. 'पाणी पिताना जनावराने आवाज करू नये' यावर पुन्हा हशा झाला. एकोणिसावा मात्र ताईंनी दोनदा वाचला: 'अध्यक्ष तहहयात राहतील.'

"आमी हौद दिलता," तुळजाबाई म्हणाली, "गादी न्हाई."

नियम नकोत म्हणणारे हात वर झाले. त्यांत समितीतल्या दोघांचेही होते. अंजूताईंनी चुलतसासऱ्यांकडे पाहिले. या वेळी पदराला हात गेला नाही.

"मामा, खाली उतरा," त्या म्हणाल्या. "नियम रद्द. तुळजाबाई, शेरडं हौदावर न्या."