एका सुईची एकोणचाळीस लेकरं

खोटं बोलीन तर तोंडात उरलेला हा एकुलता एक दात गळून पडंल! आमच्या साखरा गावात कोणालाबी इचारा, यातला शब्द न् शब्द खरा हाय.

पंचफुलाबाईच्या गल्लीतला हापसा दोन सालापासून बंद. अर्ज करून करून कागद सरला, पाणी काई आलं न्हाई. मंग बाईनं ठरवलं, आता आपुनच ग्रामपंचायतीला उभं ऱ्हायचं.

त्याच महिन्यात हिंगोलीच्या प्रदर्शनात तिनं अळंबीची भजी खाल्ली आन येडीच झाली. कुत्र्याच्या छत्र्या, आन एवढ्या ग्वाड! बी मागवलं. त्ये आलं टपालानं, त्येबी इंजेक्शनात भरून. उकडलेल्या जवारीच्या बाटलीत टोचायचं, मंग छत्र्या उगवत्यात म्हणं.

नवरा ज्ञानबा म्हणाला, "सुई हाय ती. सिस्टरनंच टोचावी. उद्या जवारीला गाठ आली तर?"

उपकेंद्रातल्या सिस्टरनं बाटली निरखली. "केसपेपरबिगर मी कोणालाच टोचत न्हाई. पेशंटचं नाव?"

"जवारी."

"चांगलं हाय. वय?"

"काल उकडली."

"एक दिवस. आईचं नाव?"

"आता उकडली मीच, म्हंजी..."

"पंचफुलाबाई," सिस्टरनं लिवलं. सुई टोचली, बाटलीच्या बुडाला कापूस चोळला, आन सांगलं, "ताप आला तर अर्धी गोळी द्या."

तीन हप्त्यांनी बाटलीत छत्र्या उगवल्या, पांढऱ्याफटक. सिस्टर घरभेटीला आली. दारातूनच म्हणली, "किती झाली?"

"एकोणचाळीस."

"बाळंतीण?"

"ठणठणीत," ज्ञानबा म्हणाला. त्याला वाटलं, बाटलीचंच इचारून राहिली.

सिस्टरनं जन्माच्या वहीत एकोणचाळीस नोंदी केल्या, बराबर.

सेनगावला निवडणुकीच्या अर्जांची छाननी निघाली. जळबाची बायको पंचफुलाबाईच्या इरोधात उभी. जळबानं सिस्टरची जन्माची वही छाननीच्या साहेबापुढं ठिवली.

"बाई," साहेब म्हणाले, "कायद्याने अपत्ये दोनच. आपली एकेचाळीस आहेत."

"दोनच हायत साहेब, त्येंचीबी लग्नं झाली. बाकीच्या कुत्र्याच्या छत्र्या."

"नोंदवहीत छत्री असा रकाना नाही. मुलगा किंवा मुलगी."

"अवो, माझं वय बावन्न. एका दमात एकोणचाळीस व्हतेत का?"

"ती बाब आरोग्य खात्याची. अपत्ये सध्या कुठे आहेत?"

"खाल्ली."

कारकुनाच्या हातातला शिक्का खाली पडला.

"तेलमीठ घालून," ज्ञानबानं खुलासा केला. "वाटीभर सिस्टरलाबी दिली."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "खाल्ल्याबाबत नियम मौन आहे. मात्र जन्म झाला तो झाला. अर्ज बाद."

जळबाची बायको बिनइरोध आली. गावात एकदम एकोणचाळीस लेकरं वाढली, म्हणून दुसरी अंगणवाडी मंजूर झाली. रोज पातेलंभर खिचडी शिजती. पटावर एकोणचाळीस हजर, आन पातेलं जळबाच्या घरून घासून येतं. हापसा? बंदच.

आता दात हलून राहिला, म्हणून कबूल करते. एकच गोष्ट मी मनची घातली. छत्र्या काई उगवल्या न्हाईत, आन दारात आकडाबी कोणी सांगला न्हाई. जवारी आंबली, ज्ञानबानं बाटली उकिरड्यावर उपडी केली. साहेबापुढं बाई लाजंनं 'खाल्ली' म्हणली त्येच बरं. उकिरड्यावर टाकली म्हणली असती तर पोलीसच आले असते! आन एकोणचाळीसचा आकडा? सिस्टरला त्या महिन्यात वरून ठरवून दिलेल्यात तेवढेच जन्म कमी पडून राहिले व्हते.

तुमी दात काढून हसू नका. आकडा ऐकून तुमीबी माना डोलावल्या. तुमच्यातल्या एकानं तरी इचारलं का, "म्हातारे, मोजल्या कोणी?"